विज्ञानाचं कोर्ट आणि आपली भाषा

दरवर्षी ३० नोव्हेंबर जवळ आला की जगदीशचंद्र बोस यांच्याबद्दलचा तोच मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. रेडिओचा शोध बोसांचा, नोबेल मात्र इटलीच्या मार्कोनीने पळवलं, इंग्रजांनी आपल्या माणसावर अन्याय केला. मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. हा मजकूर मला विद्यार्थी पाठवतात, सहकारी पाठवतात, घरचेही पाठवतात. त्यामागची तळमळ खरी असते, म्हणून मी कुणाला तोडून बोलत नाही. पण बोसांची स्वतःची तक्रार निराळी होती. ती त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवली आहे, आणि तिच्याकडे आपलं लक्षच गेलेलं नाही.

१९२१ साली त्यांचा ‘अव्यक्त’ हा बंगाली लेखसंग्रह निघाला. त्याच्या प्रास्ताविकाचा आशय असा: माणूस आईच्या मांडीवर जी भाषा शिकतो, तिच्यातच आपलं सुखदुःख सांगतो. माझे सुरुवातीचे वैज्ञानिक निबंध मी मातृभाषेतच लिहिले. पुढे विद्युतलहरींवर आणि सजीवांवर संशोधन सुरू केलं आणि त्यापायी नाना खटल्यांत अडकलो. या खटल्यांचं कोर्ट परदेशात आहे, आणि तिथे फक्त युरोपीय भाषांतली बाजू ऐकून घेतात. आपल्याकडच्या दाव्याचाही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडून, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडून, निकाल आल्याशिवाय शेवट होत नाही. देशाच्या आयुष्यात याहून मोठा अपमान कोणता? हा प्रश्न त्यांचाच. इथेच एक वैज्ञानिक न्यायासन उभं करायची आपली धडपड आहे आणि तिचं फळ कदाचित या जन्मी दिसणार नाही, असंही ते पुढे म्हणतात.

या प्रास्ताविकात मार्कोनीचं नाव नाही.

मार्कोनीचा विषय आधी हातावेगळा करते, कारण त्या गलक्यात बाकीचं काही ऐकूच येत नाही. १८९०च्या दशकाच्या मध्यावर कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये, बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांसमोर, बोसांनी न दिसणाऱ्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे पाऱ्याचा, दर संदेशानंतर आपोआप पूर्ववत होणारा ग्राहक, म्हणजे लहर टिपणारं उपकरण, मांडला. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश मार्कोनीने ज्या पाऱ्याच्या ग्राहकावर ऐकला, त्याचं मूळ बोसांच्या त्या निबंधात आहे, असा युक्तिवाद प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये केला, आणि तो मला वजनदार वाटतो. पण उंच अँटेना, जमिनीला जोडणी, जहाजं, कंपनी, भांडवल हा सगळा संसार मार्कोनीने मांडला. बोसांना त्या धंद्यात पडायचंच नव्हतं. एका तारकंपनीचा मालक पेटंटचा कागद हातात घेऊन आपल्याकडे आला, नफ्यात वाटा देतो म्हणाला आणि आपण नाही म्हटलं, हे त्यांनी मे १९०१ मध्ये लंडनहून रवींद्रनाथांना कळवलं होतं. पुढे त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी मागे लागून गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावरच्या ग्राहकाचं अमेरिकन पेटंट काढायला लावलं. ते १९०४ मध्ये मिळालं, आणि बोसांनी त्यातून दमडी कमावली नाही. ज्याने दुकानच मांडलं नाही, त्याची गिऱ्हाइकं पळवली म्हणून आपण सव्वाशे वर्षांनी भांडायचं, हे मला पटत नाही.

अन्यायाशी कसं झगडायचं हे तर त्यांना चांगलंच ठाऊक होतं. १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला गेला. तीन वर्षं त्यांनी पगाराला हात लावला नाही आणि एकही तास बुडवला नाही. शेवटी पूर्ण पगार मागच्या तारखेपासून मिळाला.

आता त्यांच्या कामाकडे येते, कारण ते समजल्याशिवाय त्यांच्या बंगाली लेखनाचं मोल कळणार नाही. विद्युतलहरी प्रकाशासारख्याच वागतात हे जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने दाखवलं होतं, पण त्याच्या लहरी लांब होत्या, त्यामुळे उपकरणंही अवजड. लहर वळवून दाखवायला त्याला शेकडो किलोंचा डांबराचा लोलक लागला. बोसांनी लहरच आखूड केली, ५ मिलिमीटरपर्यंत. आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. मग सगळी प्रयोगशाळा एका टेबलावर मावली. कॉलेजातली खोली २४ चौरस फुटांची, न्हाणीघराला लागून. उपकरणं गावातल्याच पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतलेली. त्यात चौकोनी कर्णे होते, पोकळ नळ्या होत्या, गंधकाची भिंगं होती. या कर्ण्यांना आणि नळ्यांना आज हॉर्न अँटेना आणि वेव्हगाइड म्हणतात, आणि रडारपासून उपग्रहापर्यंत त्यांच्यावाचून पान हलत नाही. स्फटिकाच्या ग्राहकाबद्दल तर नेव्हिल मॉट या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने म्हटलं होतं, की बोस आपल्या काळाच्या किमान ६० वर्षं पुढे होते.

त्यांचा मला सगळ्यात आवडणारा प्रयोग तागाचा आहे. बंगालच्या तागाच्या जुड्या घेतल्या, काही उजवीकडे पिळल्या, काही डावीकडे, आणि लहर त्यांच्यातून पाठवली. उजव्या पिळाने लहरीच्या कंपनाची दिशा एका बाजूला वळली, डाव्या पिळाने दुसऱ्या. साखरेचं पाणी प्रकाशाला हेच करतं. रेणूचा पीळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी तो हातात धरता येईल एवढा मोठा करून दाखवला. हा निबंध १८९८चा. आजूबाजूच्या शेतात जे पिकतं, त्यातूनच जगाला नवी गोष्ट सांगणारा हा माणूस.

दुसरा प्रयोग पुस्तकाचा. ब्रॅडशॉचं रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक घ्यायचं, पानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे घालायचे. पुस्तक एका बाजूने धरलं की लहर आरपार जाते, वळवून धरलं की अडते. हा प्रयोग मी आमच्या एमएस्सीच्या मुलांकडून करून घेते. आमच्याकडे मायक्रोवेव्ह लहरींच्या प्रयोगांची मांडणी आहे, लहर ३ सेंटिमीटरची. ब्रॅडशॉ आम्ही कुठून आणणार? एसटीचं जुनं वेळापत्रक आणि पोळ्या गुंडाळायची फॉइल, एवढ्यावर भागतं. वरची कड एका कर्ण्याकडे, खालची दुसऱ्याकडे. पुस्तक आडवं ठेवलं की मीटरचा काटा वर, उभं केलं की काटा खाली पडतो. मागच्या खेपेला एका मुलीने ते चार वेळा फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, म्हणजे फटीला पण दिशा असते का?” मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे, पण ध्रुवीकरणावरचा, म्हणजे लहरीच्या कंपनाला ठरावीक दिशा असण्यावरचा, इतका नेमका प्रश्न मला इंग्रजीतून कधी कुणी विचारलेला नाही.

बोसांनी हे सगळं इंग्रजीत रॉयल सोसायटीसाठी लिहिलं, जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन दाखवलं, आणि तेच बंगालीतही लिहिलं. ‘अदृश्य आलोक’ हा त्यांचा लेख मूळ बंगालीतून कुणाकडून तरी वाचून घ्या. प्रकाशाच्या सुरांची असंख्य सप्तकं आहेत, त्यातलं जेमतेम एक आपल्या डोळ्यांना कळतं. एवढ्या अफाट उजेडात आपण आंधळ्यासारखे वावरतो, असं ते सांगतात. या न दिसणाऱ्या प्रकाशाला विटा आणि डांबर पारदर्शक, पाणी मात्र अपारदर्शक. तो भिंतीपलीकडे सहज जातो, म्हणून त्याच्या मदतीने तारेशिवाय संदेश पाठवता येईल, हेही त्याच लेखात आहे. सप्तकाची उपमा बंगाली वाचकाच्या कानात आधीच वाजत होती, तिच्यावर त्यांनी अख्खं भौतिकशास्त्र तोलून धरलं. यात कुठेही सोपं करून सांगतोय असा सूर नाही. ज्या माणसाने काम केलं, तोच बरोबरीच्या नात्याने बोलतो आहे.

लहान मुलांच्या ‘मुकुल’ मासिकात त्यांनी झाडांवर लिहिलं. भागीरथीचा उगम शोधत हिमालयात गेले, त्याचं वर्णन लिहिलं. १८९६ मध्ये कुंतलीन नावाच्या केसांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी कथास्पर्धा झाली, तिच्यासाठी त्यांनी कथा लिहिली: कोलकात्यावर चाल करून येणारं वादळ समुद्रात ओतलेल्या तेलाच्या एका बाटलीने शांत होतं. पृष्ठताणाचं विज्ञान आणि गोष्ट अशी दोन्ही त्यात आहेत. पुढे ‘पलातक तुफान’ या नावाने ती ‘अव्यक्त’मध्ये आली. १९११ मध्ये मैमनसिंगच्या बंगाली साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि तिथे बोलले ते विज्ञानातल्या साहित्याबद्दल. कवी आणि शास्त्रज्ञ दोघेही न दिसणाऱ्याच्या मागावर असतात, शास्त्रज्ञाला मात्र पावलोपावली पुरावा द्यावा लागतो, असं ते भाषण.

मराठीत आपल्याला याची आठवण करून देणारा माणूस म्हणजे जयंत नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. होतं. नावाच्या वजनावर बक्षीस नको होतं. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं २०२१ मध्ये, नाशिकला. बंगालीत जे १९११ मध्ये सहज घडलं, ते आपल्याकडे घडायला आणखी ११० वर्षं गेली. २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा सगळ्यांनी हळहळून लिहिलं. त्यांच्यामागे कोण, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

माझं म्हणणं इथे आहे. काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच्या भाषेत लिहिणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी तो कामाचा भाग म्हणून मोजला पाहिजे. आज तसं होत नाही. प्राध्यापकाच्या बढतीच्या तक्त्यात मराठी लेखाला किती किंमत आहे, हे कोणत्याही विज्ञान विभागात जाऊन विचारा. माझ्या एका सहकाऱ्याने भूजलावर वर्षभर मराठीत सदर लिहिलं. शेतकरी विहिरींची मापं घेऊन त्याला भेटायला यायचे. मुलाखतीत समितीने ती कात्रणं चाळली आणि ‘छंद चांगला आहे’ म्हणून बाजूला ठेवली. त्याच समितीने तीनशे लोकांनीही न वाचलेल्या इंग्रजी शोधनिबंधाच्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा, मात्र दोनदा विचारला. प्रिव्ही कौन्सिल १९४९ मध्ये गेलं. विज्ञानातलं आपण अजून सांभाळून ठेवलं आहे.

शाळेत काय चाललंय तेही बघा. मराठी शाळा टिकवायच्या म्हणून ‘सेमी’ आलं. कविता, इतिहास मराठीत. गणित आणि विज्ञान इंग्रजीत. पालकांना मी दोष देत नाही. अकरावीला विज्ञान इंग्रजीतूनच आहे, तिथे मूल बुजू नये म्हणून ते आधीपासून तयारी करून घेतात. माझ्या स्वतःच्या भावाने मुलीला सेमीलाच घातलं आणि मी त्याला अडवलं नाही. पण याचा अर्थ काय होतो तेही बोलायला हवं. भावना मराठीत आणि विचार इंग्रजीत, अशी वाटणी आपण दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात करून टाकतो.

बोसांचे वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्यांच्या हाताखालची माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालत होती, आणि यांनी मुलाला गावच्या बंगाली पाठशाळेत बसवलं. १९१५ मध्ये विक्रमपूरच्या परिषदेत बोसांनी ती शाळा आठवून सांगितली. उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसायचा, डाव्या हाताला कोळ्याचा. पक्ष्यांच्या, जनावरांच्या, पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी त्या दोघांकडून कान टवकारून ऐकल्या, आणि निसर्गाच्या शोधाची ओढ कदाचित तिथूनच लागली. दुपारी सगळे घरी आले की आई सगळ्यांना सारखंच खायला घालायची. केंब्रिज त्यानंतरचं.

यावर नेहमीचा आक्षेप परिभाषेचा. मराठीत शब्द कुठे आहेत? शब्द आहेत, सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश कपाटात उभे आहेत. ते शब्द वापरून वाक्यं लिहिणारी माणसं आपण तयार केली नाहीत, आणि वाक्यात न फिरलेला शब्द कोशात कडकच राहतो. बोसांना शब्दांचा हट्ट नव्हता. वनस्पतीची वाढ मोजणाऱ्या यंत्राला ‘वृद्धिमान’ म्हणावं असं त्यांच्या मनात होतं. आधीच्या यंत्रांना दिलेल्या संस्कृत नावांचं परदेशात काय झालं ते पाहून त्यांनी तो बेत सोडला. वृद्धिमानचं ‘बर्डवान’ झालं असतं, त्यापेक्षा क्रेस्कोग्राफ बरा, असं त्यांनीच लिहिलंय. नाव परकं चालेल, समजूत आपल्या भाषेत हवी, एवढा साधा व्यवहार त्यांनी पाळला. इलेक्ट्रॉनला इलेक्ट्रॉनच म्हणा. तो काय करतो ते मराठीत सांगा.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो बोसांवरच उलटतो. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलताना टाळ्या मिळतात, आणि टाळ्या शास्त्रज्ञाला पुराव्याच्या पुढे नेतात. धातू आणि सजीव एकाच प्रकारे प्रतिसाद देतात, थकतात, हे त्यांचं १९०१-०२ मधलं प्रतिपादन फार पुढे गेलं होतं. लंडनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ते अडवलं, त्यात हेका होता तसं तथ्यही होतं. लाजाळूवरचे त्यांचे प्रयोग आणि वनस्पतींत विद्युतसंदेश धावतात हे निरीक्षण टिकलं. धातूंच्या थकव्यावरून काढलेला जीवनाच्या एकतेचा निष्कर्ष टिकला नाही. हे मी लपवणार नाही. पण अशा चुका भाषेमुळे झाल्या असं म्हणता येत नाही. ते प्रतिपादन त्यांनी इंग्रजीतच पुस्तकरूपाने छापलं होतं. वाचक जाणता असता तर त्याने बंगालीतच त्यांना हटकलं असतं. असा हटकणारा वाचक तयार करायचा तर त्याच्या भाषेत सतत, भरपूर आणि तोलामोलाचं लिहावं लागतं.

आणि आपल्याकडे ते लिहिलं न गेल्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. मराठी माणसाला बोसांबद्दल दोनच गोष्टी माहीत असतात: मार्कोनीची, आणि ‘झाडांना जीव असतो हे बोसांनी सिद्ध केलं’ ही. झाडाला जीव असतो हे माझ्या आजीला ठाऊक होतं; दिवेलागणीनंतर ती तुळशीचं पान तोडू द्यायची नाही. बोसांनी मोजमाप केलं. एक कोटीपट मोठी करून दाखवणारी यंत्रं बांधून त्यांनी झाडाची एका सेकंदातली वाढ पडद्यावर आणली. आजीची श्रद्धा आणि बोसांचं मोजमाप यांतला फरक मराठीत नीट समजावणारं लेखन पुरेसं नसल्याने, ती जागा फॉरवर्ड केलेल्या मजकुराने घेतली. गंमत म्हणजे बोसांचं इंग्रजी चरित्र पॅट्रिक गेडिस यांनी १९२० मध्ये लिहिलं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. आपल्या दारात लिहिलं गेलेलं ते पुस्तक किती मराठी विद्यार्थ्यांच्या हाती पडलं असेल?

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, बोसांनी कोलकात्यात आपली संस्था उघडली आणि तिला मंदिर म्हटलं. तिथलं संशोधन सगळ्यांचं, त्यावर पेटंट नाही, व्याख्यानं सर्वांसाठी खुली, असं जाहीर केलं. उद्घाटनाचं त्यांचं बंगाली निवेदन ‘अव्यक्त’मध्ये आहे. इथलं न्यायासन म्हणजे त्यांच्या मनात काय होतं, ते यातून कळतं.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने हाती येईल तो पैसा जुन्या पोथ्यांवर खर्च व्हावाच, त्यातला काही भाग या कामावर का होऊ नये? सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक पीएचडीसोबत वीस पानांचा मराठी गोषवारा मागता येईल. तो ग्रंथालयात पडून न राहता त्या विषयाशी संबंध असलेल्या गावात, कारखान्यात, दवाखान्यात पोचला पाहिजे. मराठी लेखन तज्ज्ञांकडून तपासून घेऊन बढतीत धरता येईल. विद्यार्थ्याला प्रयोगाचं जर्नल हव्या त्या भाषेत लिहू देता येईल; याला तर खर्चच नाही.

फटीच्या दिशेबद्दल विचारणारी ती मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आहे. त्या दिवशी तिने निरीक्षणं वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहिली होती: “पुस्तक आडवं, काटा ४२. पुस्तक उभं, काटा २. लाट दोन फॉइलच्या मधल्या फटीतून जाते, पण तिचं हलणं फॉइलला काटकोनात असेल तरच. समांतर असेल तर फॉइल तिला हलू देत नाही, म्हणून ती आत शिरत नाही.” तिने विचारलं, हेच जर्नलमध्ये लिहू का? परीक्षक बाहेरून येणार होते आणि नियम मला माहीत होता. दोन दिवसांनी तिने जर्नल सहीला आणलं. निष्कर्षाच्या रकान्यात इंग्रजीत एकच ओळ होती, ध्रुवीकरण पडताळून पाहिले एवढ्या अर्थाची. मी सही केली. मागच्या पानाचा फोटो मी काढून ठेवला आहे.